फळीवरचा झाकलेला माणूस

विमानाचा आवाज आला की माझे काका गणपतीचा डोळा अर्धवट सोडून उठत. पेणच्या गणपतीच्या कारखान्यात याहून मोठा अपराध नाही. मूर्तीचे डोळे रंगवायचे म्हणजे आखणी. ती सगळ्यात शेवटी करायची आणि एकदा ब्रश टेकवला की दोन्ही डोळे पुरे होईपर्यंत पाटावरून हलायचं नाही, असा तिथला रिवाज. आखणी चालू असली की बाकीचे कारागीर खोकलासुद्धा गिळतात. पण मुंबईच्या बाजूने घरघर ऐकू आली की काका ब्रश कानावर खोचून थेट अंगणात! मान वर, हात जोडलेले, विमान डोंगराआड जाईस्तोवर तसेच उभे. आत एका डोळ्याचा गणपती आणि त्याला न्यायला आलेलं गिऱ्हाईक, दोघंही ताटकळत. गिऱ्हाईक करवादलं तर काका शांतपणे म्हणत, "बाप्पा कुठं पळतोय? विमान थांबत नाय."

आळीने त्यांचं नाव विमानकाका ठेवलं ते यामुळे. स्वतः ते कधी विमानात बसले नाहीत. एसटीत बसले तरी पुढच्याच वडखळपर्यंत त्यांना मळमळायचं. मी चिडवायची, "काका, एसटी लागते तुम्हाला, नि नाव बघा काय!" ते खिशातली आवळासुपारी तोंडात टाकत आणि खिडकीबाहेर बघत बसत.

त्यांची दुसरी तऱ्हा म्हणजे फळी. अनंत चतुर्दशी झाली की पेणचे कारखाने ओकेबोके होतात. मांडण्या रिकाम्या, जमिनीवर रंगाचे डाग, कारागीर गावी गेलेले. त्या सामसुमीत काका उरलेला शाडू भिजवत आणि वर्षभर पेपरातून हेरून ठेवलेल्या एका माणसाचा वीतभर अर्धपुतळा करत. माणूस कुठला? तर विमान उडवणारा, नाहीतर रॉकेट बांधणारा. कधी पुरातून लोकांना हेलिकॉप्टरने उचलणारा पायलट, कधी उपग्रहाच्या जुळणीतली एखादी बाई, कधी छत्री घेऊन विमानातून उडी मारणारा जवान. पुतळा वाळला, रंगला, की सत्कार. गणपतीच्या सोवळ्यातून उरलेली जरीची पट्टी ही शाल, तगरीचा हार, नारळ, आणि जमलेल्या चारचौघांना पेढा. मग पुतळा भिंतीवरच्या लांब फळीवर बसायचा.

काकांचं भाषण दर वर्षी तेच. "ह्यांना ठावं पण नाय, पेणमध्ये आपला सत्कार झाला म्हणून. नसू दे. पण आपल्याला ठावं हाय ना, ह्यांनी काय केलंय ते?"

गंमत अशी, की आयुष्यभर गणपती घडवलेला हात. त्याला माणसं जमायची कशी? फळीवरच्या सगळ्यांचे डोळे मोठे, प्रेमळ, किंचित ओलसर. पायलटांचे कान सुपाएवढे. एका वैमानिक बाईचे गाल तर असे झाले होते की मी म्हटलं, "काका, ही तर गौर झाली! हिला आता भाजीभाकरीचा नैवेद्य दाखवा."

"गौर तर गौर," काका म्हणाले. "जाते नि परत येते ना? मग झालं."

हसत होते, पण नजर फळीच्या टोकाला गेली होती. तिथे हातभर उंचीचा एक पुतळा फडक्याखाली झाकलेला असे. तो माझ्या वडिलांचा.

माझे वडील म्हणजे काकांचे थोरले भाऊ, त्यांचे दादा. एअर फोर्समध्ये मालवाहू विमानाबरोबर जात, उडताना इंजिनावर लक्ष ठेवायचं त्यांचं काम. पूर्वेकडच्या डोंगरांत एकदा गेलेलं त्यांचं विमान परतलं नाही. तारेत लिहिलं होतं, बेपत्ता. विमान सापडलं नाही, माणसंही नाहीत. मी तेव्हा इतकी लहान होते की वडील म्हणून मला फक्त एक खाकी रंगाची पिशवी आठवते. आई मला घेऊन माहेरी, रोह्यापलीकडच्या अष्टमी गावात आली, रोह्यात बालवाडीत शिकवू लागली. कपाळावरचं कुंकू तिने काढलं नाही. कुणी काही बोललं तर म्हणायची, "बेपत्ता म्हणजे गेले असं कुठं लिहिलंय?"

फळीवरचा पहिला पुतळा काकांनी त्याच वर्षी केला. दादाचा. त्यांना जो सत्कार करायचा होता तो खरं तर हा एकच, बाकीचे सगळे नंतर सुचलेले. चेहरा झाला, टोपी झाली, रंग झाला. आखणीच्या दिवशी त्यांनी आईला आणि मला मुद्दाम पेणला बोलावलं. काका ब्रश ओला करून पाटावर बसले आणि आई एकदम पुढे झाली.

"भावोजी, डोळे आखू नका."

"का वो वहिनी?"

"डोळे आखले की पाठवावं लागतं."

काकांचा हात हवेतच राहिला. कारखान्यात वाढलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको होतं. डोळे उघडलेला देव घरात ठेवून घेता येत नाही. दीड दिवस म्हणा, दहा दिवस म्हणा, त्याला पाण्यात पोचवावाच लागतो. आणि न आखलेला? तो अजून यायचाच आहे. काकांनी ब्रश धुतला, पुतळ्यावर फडकं टाकलं. "नाय आखत. शब्द दिला."

कच्चा शाडू म्हणजे भेगा पडणारच. दर वर्षी सत्काराच्या आधी काका फडकं काढत, भेगांत ओली माती भरत, हात फिरवत. असं करता करता वडिलांचे गाल भरले, हनुवटी जड झाली. बऱ्याच वर्षांनी आईने फडकं उचलून पाहिलं आणि म्हणाली, "अंगानं भरलेत नाही जरा?" तिच्या केसांत तेव्हा रुपेरी बटा आल्या होत्या. काका म्हणाले, "वय झालं ना आता दादाचं." दोघं इतक्या सहज बोलत होती की मला रडू आवरेना, म्हणून मी चहा करायला आत गेले.

एकदा रोह्यातल्या एका मंडळाने स्वातंत्र्यदिनाला आईचा सत्कार ठरवला. वीरपत्नी म्हणून. आई म्हणाली, "ते आले की त्यांचाच करा." मंडळींनी तिची समजूत घालायला काकांना पेणहून आणवलं. काका आले, चहा प्यायले, सुक्या जवळ्याचा भाव विचारला, आणि उठून मंडळींना सांगून आले, "वहिनी नाय म्हणतात म्हंजे नाय." मंडळी रागावली. म्हणाली, तुम्हीच भावाचा मान घालवताय. मी काकांना स्टँडवर पोचवायला निघाले. कुंडलिका नदीच्या पुलावर ते थांबले, कठड्याला धरून उभे राहिले.

"सगळ्या जगाचे सत्कार करतो मी गो," ते म्हणाले, "नि माझ्याच दादाला फडक्याखाली ठेवलाय."

माझे काका लोकांसमोर रडणारे नव्हते. त्या दिवशी भर पुलावर, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या देखत रडले. मी म्हटलं, "मग आखून टाका ना! आईला मी सांगते." तर डोळे पुसत माझ्यावरच खेकसले, "शब्द दिलाय. ती सांगेल तवा."

आईने सांगितलं, पण फार उशिरा. तिने अंथरूण धरलं होतं, काकांनीही आखणी सोडली होती. हात थरथरायचा. गणपतीला असा हात लावायचा नाही म्हणून ते आता नुसते पाटावर बसून दुसऱ्यांच्या चुका काढत. आईने मला जवळ बोलावलं. "भावोजींना म्हणावं, आता आखा. मी गेल्यावर यांची वाट कोण बघणार? माझ्यादेखत पोचवा त्यांना."

काका दुसऱ्याच दिवशी आले. पुतळा फडक्यात गुंडाळून, लहान मूल घ्यावं तसा मांडीवर घेऊन, एसटीने. आवळासुपारी विसरले होते, आणि त्या दिवशी त्यांना मळमळलंही नाही. आईच्या खाटेशी पाट मांडला, ब्रश ओला केला. आणि हात असा थरथरू लागला की रंगाचे थेंब टोपीवर पडले.

"वहिनी, हे काय माझ्याच्यानं होत नाय."

आईने पांघरुणातून हात काढला आणि त्यांचं मनगट धरलं. जिने इतकी वर्षं तो हात अडवला होता, तिनेच. ब्रश टेकला. डावा डोळा उघडला. अगदी गणपतीचा डोळा, मोठा, ओलसर. आणि वरून घरघर आली. विमानच. मी सवयीने काकांकडे पाहिलं, आता हे उठणार. काकांनी मानसुद्धा हलवली नाही.

"जाऊ दे गो," ते पुटपुटले, आणि उजव्या डोळ्याला हात घातला.

आईने दोन्ही डोळे पाहिले. "आलात?" एवढंच म्हणाली. मग माझ्याकडे वळून, "आता पोचवा." काकांनी जरीची पट्टी दादाच्या खांद्यावर घातली, हार घातला. आम्ही दोघांनी वडिलांना कुंडलिकेवर नेलं. काका कमरेएवढ्या पाण्यात गेले, पुतळा बुडवून धरून राहिले. माती सुटून पाणी गढूळ झालं, मग निवळलं, तरी ते बाहेर येईनात. शेवटी मी हाक मारली. घरी आलो तर आईने कपाळ पुसलेलं होतं. त्यानंतर ती फार दिवस राहिली नाही.

काकाही आता नाहीत. ते असतानाचा शेवटचा गणपतीचा हंगाम मला आठवतो. मी पेणला गेले होते. कारखाना मूर्तींनी भरलेला, काका पाटावर बसून एका कारागिराची खरडपट्टी काढत होते. तेवढ्यात मुंबईच्या बाजूने आवाज आला. मी उठून अंगणात गेले, त्यांच्यासाठी वाट मोकळी करून उभी राहिले. ते आले नाहीत. विमान पार डोंगराआड गेलं.

"काका, विमान गेलं की!"

"ऐकलं गो," ते आतूनच म्हणाले.

इतकी वर्षं आम्ही समजत होतो, वाट एकटी आईच बघते म्हणून.