विषमुक्त कापसाच्या पाटीमागे

बायकोला माझं सगळं ठाऊक आहे — हे एवढं सोडून. तुम्हालाच पहिल्यांदा सांगतोय.

उंद्रीच्या बाजूला मी एका संस्थेत होतो. माती सुधारा, विष थांबवा — हे आमचं काम, आणि ते वाईट होतं असं मी आजही म्हणणार नाही. तेव्हा जिकडेतिकडे बीटी कापूस. बीटीला बोंडअळी लागत नाही म्हणे — पण मावा-तुडतुड्यांना कोण अडवणार? लोक पाठीला पंप लावून औषध मारत सुटले होते. आम्ही एक शेत मक्त्यानं घेतलं, कडुनिंबाच्या पाल्याचा अर्क फवारला आणि धुऱ्यावर पाटी लावली — विषमुक्त कापूस.

तुडतुडे पाटी वाचत नाहीत. पानं कडेनं लाल पडली, आतल्या आत वळली. आणि नेमके त्याच महिन्यात संस्थेला पैसे देणारे मुंबईचे पाहुणे शेत पाहायला यायचे होते. मग मी काय केलं — थांबा, आधी रशीदभाईंचं सांगतो.

रशीदभाईंचं शेत आमच्या शेताला लागून. माणूस खाऊनपिऊन सुखी, कुणाच्या अध्यात ना मध्यात. पाहुणे आले तेव्हा आमचा कापूस हिरवागार होता. ते पाहून रशीदभाईंनी पुढच्या साली आपलं सगळं शेत आमच्या पद्धतीनं केलं. पंप माळ्यावर टाकला. त्यांचा कापूस गेला. वेचायला बायका लावाव्यात एवढाही राहिला नाही.

का गेला, हे गावात फक्त मला माहीत होतं. आमचं शेत अर्कानं वाचलंच नव्हतं. सगळं गाव बाजाराला गेलं होतं, त्या दिवशी मी एकट्यानं त्यावर दुकानातलं औषध मारलं होतं. औषधही चिखलीहून आणलं — उंद्रीत कुणी ओळखलं असतं.

खरं बोललो असतो तर काय झालं असतं? नोकरी गेली असती. एवढंच ना? नुसता गप्प बसलो असतो तरी एक वेळ — मी त्याहून नीच निघालो. गावच्या बैठकीत कुणीतरी विचारलं, "साहेब, रशीदभाईचंच काऊन बिघडलं?" मी सगळ्यांसमोर म्हणालो, त्यांनी अर्क पातळ केला असेल.

रशीदभाई उठले. वाटलं, आता माझी आई-बहीण काढतील. काढायलाच हवी होती.

"साहेब बरोबर बोलून राह्यले," ते म्हणाले. "गलती माही हाय. पद्धतीले नावं ठेवू नका."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

बाहेर त्यांनी मला गाठलं. "पुढच्या साली अर्क तुम्हीच करून द्या, साहेब. मले काही जमत नाही."

मी करून दिला. त्याही साली त्यांनी पंप माळ्यावरून काढला नाही — आणि काढा, असं मी म्हणालो नाही.