गाडी जिवंत माणसाची

तुमच्या दारात अॅम्ब्युलन्स उभी राहिली तर मनात आधी काय येतं: माणूस वाचेल, की माणूस गेला?

"मायोकार्डियल इन्फार्क्शन," नगरच्या रुग्णालयात आईचा ईसीजी बघून डॉक्टर म्हणाले. म्हणजे हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणारी वाहिनी बंद पडली होती. आपण ज्याला हार्ट अटॅक म्हणतो, तो. मग त्यांनी विचारलं, "अॅम्ब्युलन्स तुमच्या गावात, तिसगावात, आली होती, तर पेशंट घाटापर्यंत जीपमध्ये कशाला?"

उत्तर असं आहे.

सकाळी आईची पाठ भरून आली, घाम सुटला. पित्त असेल, असं आत्या म्हणाली. कळ जबड्यापर्यंत गेली तेव्हा मी सरकारी अॅम्ब्युलन्स बोलावली. ती आली, पण आत्यानं गल्लीच्या तोंडाशीच अडवली. "दारात आणू नका. ती गाडी दिसली की लोक लाकडं गोळा करत्यात."

आमच्याकडे आजारी माणूस कुणाच्या तरी जीपमधून नगरला जातो आणि दगावला की अॅम्ब्युलन्समधून परत येतो. गावानं ती गाडी अशीच पाहिली आहे. आईनंही माझा हात झटकला. "मला त्या गाडीत घालू नका. मी अजून जित्ती हाय."

मी भांडले आणि हरले. आई शेजाऱ्यांच्या जीपमध्ये बसली. अॅम्ब्युलन्समधल्या डॉक्टरबाई चिडल्या नाहीत. आम्ही मागोमाग येतो, एवढंच म्हणाल्या.

करंजी घाटात आईला श्वास पुरेना. रस्त्याच्या कडेलाच तिला स्ट्रेचरवर घेतलं, ऑक्सिजन लावला. या वेळी नाही म्हणण्याइतका श्वासच तिच्यात नव्हता.

अँजिओप्लास्टी, म्हणजे बारीक नळी घालून बंद वाहिनी उघडणं, सुरू झाली. बाहेरच्या बाकावर बसून मी मोबाईलवर या गाडीचा इतिहास वाचत होते. दुसरं काही सुचत नव्हतं. पूर्वी युरोपातल्या रणांगणांवर जखमी शिपाई बहुधा लढाई संपेपर्यंत तसेच पडून राहत. एका लष्करी डॉक्टरला ते पटलं नाही. त्यानं लढाई चालू असतानाच घोड्यांच्या हलक्या गाड्या रणात धाडल्या. ज्याच्यात जीव आहे त्याला उचला, यासाठी.

पुढे अमेरिकेत, कितीतरी गावांत, रुग्ण नेण्याचं काम अंत्यविधी करणारेच करू लागले. माणसाला आडवं नेता येईल अशी गाडी त्यांच्याकडेच असायची. म्हणजे आत्याची भीती निव्वळ अडाणीपणाची नाही. जिवंत आणि मेलेला एकाच गाडीतून नेला, तर लोक कुठंही भिणारच. चूक भिणाऱ्यांची नाही, दुसरी गाडी न देणाऱ्यांची आहे.

आई वाचली. घरी आल्यावर भेटायला आलेल्या बायकांपुढं आत्यानं पुन्हा त्या गाडीचं नाव काढलं. आई खाटेवरून म्हणाली, "वन्सं, मेल्याला कुणी ऑक्सिजन लावतं का?" आत्या हसली, पण गाडीला चांगलं म्हणाली नाही.

डॉक्टरबाई मागं आल्या नसत्या, तर आज आई नसती. त्यांचे आभार मानून मी थांबणार नाही. येत्या ग्रामसभेला तुम्हीही जा. उभं राहून ठराव मांडा, की मृतदेहासाठी पंचायतीनं वेगळी गाडी ठेवावी. आणि त्याच्याही आधी, आज रात्री जेवताना, घरातल्या थोरांना विचारा: "अॅम्ब्युलन्स आली, तर बसाल ना?" ते नाही म्हणाले, तर आजच भांडून घ्या.