मामांचा वर केलेला हात

मामा गेल्याचा फोन आला तेव्हा मी धाराशिवच्या स्टँडवर लोहाऱ्याच्या एसटीची वाट पाहत होते. त्यांनाच भेटायला निघाले होते... गाडी आली, मी चढले आणि वाटभर खिडकीला डोकं टेकून रडत राहिले.

सास्तूरजवळचं माझं आजोळ भूकंपात जमीनदोस्त झालं, तेव्हा दत्तूमामा सरपंच होते. नव्या गावाचा नकाशा पुनर्वसनाच्या साहेबांनी आधीच काढून आणला होता. मामांनी सतरंजी अंथरली, साहेबांनाही खालीच बसवलं आणि म्हाताऱ्याकोताऱ्यांपासून सगळ्यांना बोलू दिलं. जुना शेजार मोडू नका, एवढंच लोकांचं मागणं होतं. नकाशा बदलला. तेव्हापासून ग्रामसभा हेच मामांचं दैवत. "बोला की, मिठाची गुळणी धरली का तोंडात?" असं म्हणत ते मुक्यालाही बोलतं करायचे.

गेल्या वर्षी मात्र ठराव दिल्लीहून तयारच आला. वस्तीला पाण्याची टाकी हवी होती, योजनेत होते चौकातले दिवे. विरोध करायला मामांनी हात वर केला, त्यांच्यामागोमाग आणखी पाचसहा हात वर झाले. ग्रामसेवकानं नेमका तेवढ्यात फोटो काढला आणि सभा गुंडाळली. तोच फोटो वर पाठवला गेला, ग्रामस्थांनी हात उंचावून मंजुरी दिली म्हणून!

मामा खचले ते तिथं. तालुक्याला, जिल्ह्याला खेटे घातले. "आता काय बी करता येत न्हाय मामा, दिल्लीच्या साईटवर चढलंय," ग्रामसेवक म्हणाला. तोही बिचारा हुकमाचा ताबेदार. "आरं, म्या नको म्हणाया हात वर केलता," मामा भेटेल त्याला सांगायचे. सरकार आपणच निवडून दिलंय, मान्य. पण सगळं तिथंच ठरायचं आणि इथली माणसं फक्त फोटोपुरती लागायची, याला लोकशाही म्हणायला माझी तरी जीभ रेटत नाही. मामा असलं मोठं काही बोलत नसत. "आपल्याला कुणी इचारलंच न्हाय गं," एवढंच म्हणायचे... मामांना गप्प बसलेलं बघणं फार जड गेलं.

तेराव्याला लावायला त्यांचा दुसरा धड फोटोच नव्हता. सभेतला तोच, मामांपुरता मोठा करून आणला. हार घालताना वर केलेला हात आडवा येऊ लागला, तसा मामेभाऊ म्हणाला, "हात कापून नुसता चेहराच घिऊ." मामी इतके दिवस भिंतीला टेकून मुकी बसली होती. ती म्हणाली, "हात ऱ्हाऊ दे. त्येंचं बोलायचं ऱ्हायलंय."

फोटो तसाच लावलाय. हार घसरून हातावर येतो. मामी रोज सकाळी तो नीट करते, हात झाकला जाणार नाही असा.