ओठाला लागलेली वाटी

घोट गिळणं ही काय सांगायची गोष्ट, असं कोणी म्हणेल. म्हणू दे. आज म्हातारपणी पाणी बिनबोभाट खाली उतरतं तेव्हा मी मनातल्या मनात माझ्या घशाचे आभार मानते, आणि त्याला कारण आहे.

निजामाच्या राजवटीत मी बोरीला सून म्हणून आले. घर शिवभक्तांचं आणि सासऱ्यांची शिस्त कडक. तांब्या ओठाला लागता कामा नये. मान मागं टाकायची आणि वरून धार घशात सोडायची. सुरुवातीला माझं निम्मं पाणी पदरावरच सांडायचं आणि सासरे मिशीत हसायचे.

एका हिवाळ्यात त्यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. जीभ थोडीफार वळू लागली, पण पाणी उतरेना. आम्ही सवयीनं त्यांची मान मागं धरून वरून धार सोडायचो आणि ठसका लागून ते काळेनिळे पडायचे. ओठ सुकून फुटले. माणूस पाण्यावाचून हातचा जातो की काय, अशी वेळ आली.

जिंतूरहून हकीमसाहेब आले. आमची पाजण्याची तऱ्हा बघून त्यांनी कपाळाला हात लावला. मला गळ्यावर बोट ठेवून आवंढा गिळायला सांगितलं. बोटाखालचं हाड वर सरकलं आणि परत खाली आलं. ते म्हणाले, घशात दोन वाटा आहेत, एक श्वासाची, एक अन्नाची. जीभ घोट मागं ढकलते, टाळूचा मऊ पडदा नाकाची वाट अडवतो, हे हाड वर उचललं जातं, श्वासनळीवर झाकण पडतं आणि घोट अन्ननळीत जातो. तेवढा वेळ श्वाससुद्धा थांबतो. यांचं झाकण आता सावकाश पडतंय आणि तुम्ही वरून धार सोडताय. हनुवटी छातीकडं घ्या, वाटी ओठाला लावा, लहान लहान घोट द्या.

वाटी ओठाला लावायची म्हणजे उष्टी करायची. सासऱ्यांनी तोंड घट्ट मिटलं. मला असा संताप आला! पण सून काय बोलणार?

बोलल्या त्या सासूबाई. नवऱ्यापुढं त्यांचा आवाज कधी चढला नव्हता, तेव्हाही चढला नाही.

"वाटी मी राखंनं घासीन. पर तुमीच न्हाई ऱ्हायलात तर ती घासलेली वाटी कुनापुढं ठेवू?"

सासऱ्यांनी हनुवटी खाली घेतली. गळ्यातलं हाड वर गेलं, जरा अडखळलं, खाली आलं. ठसका लागला नाही. त्या हाडाच्या पाया पडावं असं मला वाटलं. मग दुसरा घोट उतरला, तिसरा उतरला.

चौथ्याला त्यांनी डाव्या हातानं वाटी सासूबाईंकडं सरकवली.

"तूबी पी," ते बोबडं बोलले. "मला उतरंना तवापासून तूबी पानी टाळायलीस. दिसतंय मला."

सासूबाईंनी वाटी विसळली नाही. तशीच ओठाला लावली.