मानपुरापर्यंत

मध्यभारत राज्य होतं तेव्हा सरकार उन्हाळ्यात इंदूरला आणि हिवाळ्यात ग्वाल्हेरला असायचं. बाबा सचिवालयात कारकून. दिवाळी झाली की फायलींच्या पेट्यांबरोबर तेही ग्वाल्हेरला जात. इंदूरच्या राजवाड्यामागच्या गल्लीतल्या भाड्याच्या खोल्यांत मग आई, मी आणि माझा तान्हा भाऊ एवढेच उरायचो.

भाऊ जन्मला तो दोन्ही पावलं आत वळलेली घेऊन. भेटायला येणाऱ्या बायका आधी त्याचं दुपटं उचलून पाय बघत आणि मग आईला विचारत, ग्रहणात काही चिरलं-बिरलं होतं का? आई सुरुवातीला नाही म्हणायची. पुढे ती उत्तरच देईना. हळदीकुंकवालाही जाईना.

दवाखान्यात बरेच महिने प्लास्टर घालणं-काढणं झालं. मग डॉक्टरांनी आईला शिकवलं, तेल लावून पावलं बाहेर वळवायची आणि दाबून धरायची. मूल रडलं तरी सोडायचं नाही. भाऊ किंचाळायचा. आई ओठ मिटून वळवत राहायची. झालं की ती त्याला जवळ घ्यायला जायची, तर तो तिच्यापासून अंग चोरून माझ्याकडे हात करायचा. त्याला आई नको असायची. ती धड झोपत नव्हती, जेवत नव्हती. पोळी तव्यावर जळत असे आणि ती समोर उभी राहून बघत असे. बाबांना तिनं यातलं काही कळवलं नाही.

संक्रांतीनंतरच्या एका दुपारी तिनं मध्येच हात थांबवले, पदराला पुसले आणि मला शेजारच्या भाभींना बोलवायला पाठवलं. भाभी म्हणजे कापडवाल्या शेठजींची बायको, माळव्यातलीच, मुलं मोठी झालेली. आम्ही आलो तोवर आईनं चपला घातल्या होत्या. आत्ता येते म्हणाली आणि गेली.

दिवेलागण झाली तरी ती आली नाही. भाभींनी भावाला भरवलं, मला थोपटलं आणि चौकशी करणाऱ्यांना, मंदिर गई है, म्हणून सांगितलं. मी दारातून हलले नाही.

आई आली ती धुळीनं माखलेली. भाभींनी काही न विचारता पाणी दिलं. ते पिऊन झाल्यावर तीच म्हणाली, "भाभी, मी धुळ्याच्या मोटारीत बसले होते. माहेरी जायला. पोरांना टाकून."

मानपूरला मोटार चहासाठी थांबली, तेव्हा ती उतरली होती. मोटार सुटायच्या वेळी तिला उठवेना. पोरांची ओढ लागली म्हणून नव्हे, असं ती स्वतःच म्हणाली. पुढे जायचं बळ नव्हतं आणि मागे यायचंही. बाकावर नुसती बसून राहिली, आणि परतीची गाडी आली तेव्हा कंडक्टरनं विचारलं, बाई, इंदूर का? ती हो म्हणाली.

भाभींनी रिकामं भांडं उचलून ठेवलं. मग म्हणाल्या, "कल से पांव मैं करूंगी. उस वखत आप घर में मत रहना."

त्या दुपारी मला अजून आठवतात. आई माझा हात धरून राजवाड्याकडे निघायची. पहिले काही दिवस ती गल्लीच्या तोंडाशी थांबून रडणं ऐकू येतंय का ते बघायची. मग आम्ही थेट जाऊ लागलो. बांगड्यांची दुकानं, अत्तरवाले, उन्हात पाठ शेकत बसलेले टांगेवाले. एकदा बोरांचा भाव करताना बोरवालीनं काहीतरी चावट म्हटलं आणि आई खळखळून हसली. मी तिच्या तोंडाकडे बघतच राहिले. घरी आलो की भाऊ भाभींवर रुसलेला असायचा आणि आईला बघून दोन्ही हात पसरायचा.

उन्हाळ्यात बाबा आले तेव्हा तिनं त्यांना मानपूरचं सगळं सांगितलं. ते त्या दिवशी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी भाभींकडे जाऊन पावलं कशी वळवायची ते शिकून आले, आणि सकाळची पाळी त्यांनी घेतली.

भाऊ उशिरा चालला, लोखंडी पट्ट्यांच्या बुटांत. उजवं पाऊल थोडं आत राहिलं, ते अजून तसंच आहे.

मग मध्यभारत संपलं, कचेरी भोपाळला गेली आणि आम्हीही निघालो. सामान टांग्यात चढवल्यावर आई भाभींच्या गळ्यात पडून हुंदके देत रडली. इतकी वर्षं मी तिला कधी रडताना पाहिलं नव्हतं.