पर्लाइटची पोती आणि कौसामावशी

दुष्काळाच्या त्या वर्षांत आष्टीजवळच्या आमच्या सहकारी रोपवाटिकेत रोपं कमी जगली. घाबरल्याच्या गोष्टी मात्र भरपूर उगवल्या. अजूनही आम्ही दोघी-तिघी भेटलो की त्यातली एखादी निघतेच.

पर्लाइटचं पहिलं पोतं मीच उचललं. खताचं समजून जोर लावला आणि पोत्यासकट मागं पडले. एवढं मोठं पोतं, पण वजनच नाही! माझ्याबरोबर कामाला असलेली कौसामावशी लांब सरकली. म्हणाली, "उघडू नगंस. मला ह्ये बरं दिसंना." सेक्रेटरी बापूंनी समजावलं, की हा ज्वालामुखीचा दगड, भट्टीत तापवला की ज्वारीच्या लाह्यांसारखा फुलतो. मातीत मिसळला की मुळांना हवा मिळते, ओलही टिकते. मावशीनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आन् मातीत आनखी फुलला तर?"

मग एकदा तिचं वासरू पोत्यात तोंड घातलेलं सापडलं. थोबाड पांढरंफेक. चारा छावणीत जगवलेलं वासरू ते. मावशीनं धावत जाऊन गुरांच्या डॉक्टरांना आणलं. डॉक्टर म्हणाले, विष नाही, नुसता दगड आहे, वाट बघा. ती न जेवता गोठ्यात बसून राहिली. सकाळी शेणात पांढरे दाणे दिसले, तशी पेढे घेऊन कामावर आली. बापूंनी विचारलं, पेढे कशाचे? "शेन झालं," म्हणाली.

धुळीचं मात्र हसण्यावारी गेलं नाही. बापूंनी भर वाऱ्यात कोरडं पोतं ओतलं आणि असा ठसका लागला, की त्यांना श्वास सापडेना. मी त्यांची पाठ चोळत राहिले. तेव्हापासून तोंडाला फडकं बांधून, पोत्यात पाणी शिंपडूनच ओतायचं ठरलं. त्या तांब्याभर पाण्यावरून कुणी कुरकुरलं नाही.

आणि मग ती आग. पाणी उपसायच्या इंजनाच्या खोलीत डिझेल सांडून पेटलं, तेव्हा मावशी मागच्या कोपऱ्यात होती. दारापर्यंतची वाट पेटलेली, हौद कोरडा. बापू म्हणाले, पाणी असतं तरी डिझेलवर टाकता आलं नसतं. बाहेर पर्लाइटची थप्पी होती. दगड जळत नाही, एवढंच मला सुचलं. आम्ही दोघं पोती फाडून ओतत सुटलो. ज्वाळा दबल्या. जमीन पांढरी झाली, पण कडेनं धूर निघत होता. खाली आग आहे की विझली, कळेना.

"मावशी, तशीच ये. थांबू नगंस," मी ओरडले.

ती त्या पांढऱ्यावरून अनवाणी चालत आली. मी तिचे तळवे पाहिले. भाजले नव्हते. मी तिला घट्ट धरलं.

मग तिनं पायांकडं पाहिलं, हळूच माझे हात सोडवले. म्हणाली, "चपला तिकडंच ऱ्हायल्या."

आणि परत आत गेली.