दुसरा साक्षीदार

गेल्या महिन्यात एका सोमवारी सकाळी दिनकर गेला. निरोप आला तेव्हा मी नववीच्या वर्गात होतो. तास पूर्ण केला आणि ट्रामने परळला त्याच्या चाळीत गेलो.

गिरगावातल्या आमच्या शाळेत तो इंग्रजी शिकवी, मी इतिहास. मधल्या सुट्टीत बाकीचे चहाला जात, तेव्हा हा एखादा इंग्रजी शब्द धरून लॅटिन, ग्रीक असा मागे मागे चाललेला असे. त्याचा एक नियम होता. एका ठिकाणी सापडलं म्हणून मानायचं नाही. "एक साक्षीदार झाला रे, दुसरा आण," म्हणायचा. दुसरा मिळेपर्यंत त्या पानात ट्रामचं तिकीट घालून ठेवी. त्याचे कोश तिकिटांनी फुगलेले असत...

चळवळीच्या दिवसांत त्याच्या चाळीतला सदा, गिरणीत कामाला असलेला तरुण, पोलिसांची गोळी लागून गेला. पुढे चाळीच्या दारावर हुतात्म्यांच्या नावांचा फलक लावायचं ठरलं आणि सदाच्या नावावर बैठक अडली. मीही तिथे होतो. "सदा मोर्चात होता कुठे? गॅलरीत उभा राहून बघत होता," चाळीतले गावडे म्हणाले. "उद्या जिन्यावरून पडलेल्यालाही हुतात्मा म्हणाल." सदाची आई दाराशी बसली होती. "व्हय, बघीतच होतो माझो झील," ती म्हणाली. "पण तेचा नाव तरी लावा."

दिनकरने आठवडाभराची मुदत मागितली. इंग्रजी पेपर अशांना 'मार्टर' म्हणत. तो त्या शब्दाच्या मागे लागला. इंग्रजीतून लॅटिन, लॅटिनमधून ग्रीक, आणि ग्रीकमध्ये अर्थ निघाला साक्षीदार. ज्याने पाहिलं तो. प्राण देण्याची अट त्या शब्दाला नंतर चिकटली. दुसरा पुरावा शाळेतल्या उर्दूच्या मास्तरांनी दिला: अरबीतला 'शहीद'ही मुळात साक्षीदारच.

कोशात आणखी एक ओळ होती. या ग्रीक शब्दाचं मूळ आपल्या 'स्मृ' धातूशी, स्मरणाशी, जुळत असावं असा काही पंडितांचा तर्क. मी म्हटलं, "हे सांग. सगळी बैठक तुझ्या बाजूला येईल." त्याने खिशातलं तिकीट त्या पानात घातलं. "तर्क आहे रे तो. म्हातारीच्या मुलाचं नाव तर्कावर लावू?"

बैठकीत तो साक्षीदारापुरतंच बोलला. "दोन भाषांनी हा मान साक्षीदाराच्याच शब्दाने दिलाय. खाली काय चाललंय ते सदा बघत होता, आणि बघताना गेला. आणखी काय हवं?" गावडे म्हणाले, "मास्तर, तुम्ही वकील व्हायचं होतंत. ...लिहा नाव."

तेराव्यानंतर वहिनींनी तो कोश मला दिला. बाकीची तिकिटं त्याने एकेक करून काढली होती. हे एकच राहिलं. दुसरा साक्षीदार मी शोधतो आहे, अजून मिळालेला नाही. तोवर चाळीच्या दारावर सदाचं नाव आहे, आणि त्या पानात तिकीट आहे.